घरात परवान्याची बंदूक: ठेवावी की पोलीस ठाण्यात जमा करावी?

माडाची_सावली
मंडळी, घरातल्या एका वस्तूबद्दल सल्ला हवा आहे. कोकणात अशी घरं पुष्कळ आहेत, म्हणून एकदोघांना खाजगीत न विचारता धागाच काढतो.

आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात. वडिलांच्या नावावर बाराबोरची दुनळी आहे, आजोबांकडून त्यांच्याकडे आलेली. परवाना शेतीसंरक्षणाचा. वर काजू, थोडा आंबा आणि खाली मळ्यात वायंगणी भात, त्यामुळे वानर आणि रानडुकरांशी वर्षभर झगडा. वडील आता शहात्तरचे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हात कापतो. आम्ही दोघे भाऊ मुंबईला. मध्यंतरी आजूबाजूच्या वाड्यांवर बंद घरं फुटली आणि आईच्या मनात भीती बसली. ती म्हणते, बंदूक आहे हे लोकांना माहीत आहे म्हणूनच आपल्याकडे कोणी फिरकत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, जमा करून मोकळे होऊया. नूतनीकरण तोंडावर आलंय, तेव्हा काय ते ठरवावं लागणारच.

शेतीसाठी बंदूक ठेवणं मी समजू शकतो. पण घराच्या राखणीसाठी तिच्यावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. रात्री दोनला मागच्या दारी खुडबुड झाली, तर वडील काळोखात कपाट उघडणार, काडतुसं शोधणार, भरणार, आणि समोर चोर आहे की तहानेने आलेला शेजारचा दारुडा, हे ओळखणार कसे? ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांनी लिहा, आणि कायदा माहीत असणाऱ्यांनीही.

निवृत्त_फौजदार
नोकरीची बरीच वर्षं ग्रामीण पोलीस ठाण्यांत काढली, त्यावर सांगतो. मी पंचनामे केले त्या घरफोड्यांत बहुतेक घरं बंद होती. घर फोडणाऱ्याला आत माणूस नकोच असतो. बंदूक आहे हे गावभर माहीत असेल तर घरी माणसं असताना तो येणार नाही, हे खरं. पण ते माणूस असल्यामुळे, बंदुकीमुळे नव्हे. आणि तुम्ही लग्नाला चार दिवस बाहेर गेलात, तर तीच बंदूक चोरण्यासारखी वस्तू होते. सोनं चोरीला गेलं तर तुमचं नुकसान. हत्यार गेलं तर ते पुढे कुठे वाजेल याचा भरवसा नाही. फिर्याद ताबडतोब द्यावीच लागते, आणि ते कसं ठेवलं होतं याची चौकशी तुमचीही होते.

आईंना धीर यावा असं काही करायचं असेल तर मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा बसवा. पडवीत आणि गोठ्याच्या बाजूला दिवे लावा, बटण आईंच्या खाटेजवळ घ्या. शेजारच्या घरी रोज रात्री एक फोन, सकाळी एक फोन. गाव ग्रामसुरक्षा यंत्रणेत आहे का पाहा. नसेल तर ग्रामपंचायतीला गळ घाला. त्यात एका क्रमांकावर फोन करून बोललं की तुमचा आवाज गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाइलवर एकदम जातो. चोर आला, वणवा लागला, बिबट्या शिरला, सगळ्याला उपयोगी. ११२ आहेच, पण वाडीवर गाडी पोचेपर्यंत पहिली मदत शेजाऱ्याचीच असते.

मी_वेंगुर्लेकर
फौजदारसायबांनी म्हटल्यानी ता बरोबर आसा. आमच्याकडे ठासणीची, नळीच्या तोंडातसून दारू भरूची बंदूक आसा. वांदरांचो कळप माडात शिरलो की एक शाळो ठेवनत नाय. एक बार काढलो की आवाजान पळतत, तेवढ्यासाठीच ती. पण घरात भरलेली ठेवूची नाय, ह्यां आजोबांनी शिकवलेलां. बागेतसून येताना बार मोकळो करूनच उंबरठो ओलांडूचो. आणि रात्री झाडीत हललां म्हणान बार काढूचो नाय. डुकरासाठी बसललो माणूस दुसऱ्या माणसाच्या गोळीन मेलो, अशी बातमी आमच्या जिल्ह्यात नवी नाय.

कायद्याची_वही
वकील आहे, फौजदारी कामं करतो. धाग्यात दोन-तीन गोष्टी एकत्र येतायत, त्या वेगळ्या करतो.

आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. मात्र कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा विचार आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, यासाठी अर्ज आला आणि परवाना नाकारण्याचं कायदेशीर कारण नसेल, तर तो द्यावा अशी तरतूद आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. पोलीस आयुक्तालय असेल तिथे अर्ज आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

आता शेतीसंरक्षण. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वानर आणि रानडुक्कर दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतात. पिकाची नासधूस होत असली तरी मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. हवेत बार काढून हाकलणं वेगळं, डुक्कर पाडून वाटे घालणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात गुन्हा वनखात्याचा होतो आणि परवानाही जातो.

आणि स्वसंरक्षण. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, कलम ३४ ते ४४ खाजगी बचावाची आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क त्याचा जीव जाण्यापर्यंत पोचू शकतो, हे कलम ४१ मध्ये आहे. लोक एवढंच वाचतात. त्याआधीचं कलम ३७ वाचत नाहीत: बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर घरमालक आरोपी होतो. अशा खटल्यात सुटका झाली तरी मधली वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात.

सराफकट्टा
सगळे मिळून बंदुकीच्या विरोधात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमची सोन्याचांदीची पेढी आहे. रात्री दुकान बंद करून माल घेऊन निघताना जी पाच मिनिटं असतात, ती ज्याने अनुभवली त्यालाच कळतात. मी रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज केला, कागदपत्रं दिली, वैद्यकीय दाखला दिला, पोलीस पडताळणी झाली. अर्ज नामंजूर. कारण काय, तर जिवाला विशेष धोका दिसत नाही. दरोडा पडल्यावर तो दिसणार का?

दरम्यान गावठी कट्टे हवे त्याला मिळतात. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडच्या उमर्टीहून येणारा माल पुण्या-मुंबईच्या गुन्ह्यांत सापडतो, हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कायदा पाळणाऱ्याने शंभर कागद जोडायचे आणि न पाळणाऱ्याने कंबरेला कट्टा खोचून फिरायचं, हे मला मान्य नाही. नियम कडक ठेवा, पण अर्ज नाकारताना माणसाला नीट कारण द्या.

कायद्याची_वही
@सराफकट्टा, नाकारण्याची लेखी कारणं मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि कलम १८ खाली अपीलही आहे. ते केलं नसेल तर मुदत तपासून करा. तुमची तक्रार रास्त आहे.

बालाघाटची_पोर
मी बीडची. सराफकाकांच्या मुद्द्याला आमच्याकडची जोड देते. मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला आणि जिल्ह्याकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. तेव्हा कळलं की एका बीड जिल्ह्यात बाराशेवर शस्त्रपरवाने आहेत. गुन्हे दाखल असलेल्यांच्या हातात परवाने होते. कंबरेचं पिस्तूल दाखवणारे, हवेत गोळ्या झाडणारे व्हिडिओ फिरत होते. मग प्रशासन जागं झालं आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. हे परवाने देताना पडताळणी कुणी केली होती? सामान्य दुकानदाराला कारण विचारणारं ऑफिस तेव्हा कुठे होतं?

आमच्या भागात पिस्तूल घराच्या राखणीसाठी कुणी घेत नाही. ते वजन दाखवण्यासाठी घेतात. वरातीत, मिरवणुकीत, वाढदिवसाला. अशा आनंदाच्या गोळीबाराला २०१९ पासून कायद्यात वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा नोंदवायचा कुणी? मांडवात पोलीसपाटलापासून पुढाऱ्यापर्यंत सगळे पंगतीला असतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात हवेत बार झाला तेव्हा लहान मुलं मांडवाच्या छतावरचे फुगे बघत उभी होती. मी बोलले तर, पोरीच्या जातीने यात पडू नये असं ऐकवलं गेलं. मी यात पडणार. नवीन कायदा नको, आहे तो वापरा, आणि ज्याच्यावर गुन्हा दाखल आहे त्याच्या नूतनीकरणाच्या अर्जाला हात लावण्याआधी त्याची फाईल उघडा.

निवृत्त_फौजदार
ताई, बरोबर बोललात. पडताळणीचा कागद आमच्याच खात्यातून जातो. वरून फोन आला की अहवालातली भाषा मऊ होते, हे मी नाकारणार नाही.

ऋतुजा_कोथरूड
मी समुपदेशक आहे, कौटुंबिक हिंसेच्या केसेस बघते. एवढ्या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारला नाही: परवाना देताना घरातल्या बाईला कुणी विचारतं का?

बंदूक झाडावीच लागते असं नाही. जेवताना ती टेबलावर ठेवली तरी पुरतं. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी सांगितलं की नवरा भांडण झालं की काही न बोलता कपाट उघडून पिस्तूल पुसत बसायचा. तक्रार काय लिहिणार? मारलं नाही, शिवी दिली नाही, परवाना कायदेशीर. कॅनडात परवान्याच्या अर्जावर सोबत राहणाऱ्या जोडीदाराची सही मागतात, आणि सही नसेल तर त्याला कळवलं जातं. आपल्याकडे चारित्र्य पडताळणीत शेजाऱ्यांना विचारतात, गावच्या पोलीसपाटलाला विचारतात. त्याच घरात झोपणाऱ्या बायकोला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, तर कितीतरी अर्ज तिथेच थांबतील.

आणि माडाची_सावली, तुमच्या वडिलांबद्दल आपुलकीने विचारते, राग मानू नका. म्हातारपण, आजार, एकटेपणा, मुलं लांब. अशा घरात हाताशी बंदूक असणं हा चोरापेक्षा मोठा धोका असू शकतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. वाईट क्षण पुष्कळदा येतो तसा जातो. पण त्या क्षणी हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं. वडिलांशी याबद्दल सरळ बोला.

ह्यूस्टनकर
ऋतुजाताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या २१ वर्षांवरच्या माणसाला ती कमरेला लावून फिरायला वेगळा परवाना लागत नाही. भारतातून नुकत्याच आलेल्या मराठी मुलांना वाटतं, इथे सगळं मोकळं आहे, जाऊ आणि घेऊ. तर नोकरीच्या एच-वन व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. मित्राच्या बंदुकीने नेमबाजीच्या रेंजवर फोटो काढण्याआधीही विचार करा, ग्रीन कार्ड त्यापायी अडकू शकतं.

आम्हाला मूल झाल्यावर बायकोने एक गोष्ट सुरू केली. मुलगी कुणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर ती त्या घरी आधी फोन करून विचारते: तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का? सुरुवातीला मला संकोच वाटायचा, आता मीही विचारतो. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो, कुत्रा आहे का विचारतो, तसंच हे. लोक रागावत नाहीत, उलट बहुतेक जण कपाट दाखवतात. मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा टेक्सासमध्येही गुन्हा आहे.

बंदुकीच्या हक्काबद्दल इथले शेजारी पोटतिडकीने बोलतात, त्यातले काही माझे चांगले मित्र आहेत आणि हत्यार सांभाळण्यात अतिशय चोख आहेत. पण शाळेत गोळीबार झाला तर म्हणून सहा वर्षांच्या पोरांना दारामागे गप्प बसण्याचा सराव देतात, ते बघितल्यावर भारतातला कडक परवाना मला जाच वाटत नाही.

दहा_मीटर
बालेवाडीच्या रेंजवर सराव करते, एअर रायफल. स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणल्यापासून रेंजवर नवीन मुलं खूप येतात. त्यांना पहिले काही दिवस नेम धरू देत नाहीत. आधी फक्त हाताळणी.

ती हाताळणी इथे लिहिते, कारण दुनळीलाही तीच लागू आहे. बंदूक हातात घेतली की बोट चापावर नाही, चापाच्या कडीबाहेर, नळीच्या दिशेने सरळ. नळीचं तोंड जमिनीकडे किंवा भिंतीकडे, माणसाकडे कधीच नाही, रिकामी असली तरी नाही. वरची कळ अंगठ्याने बाजूला सारली की नळ्या झुकतात. काडतुसांची दोन्ही घरं डोळ्यांनी बघायची आणि मग करंगळी आत घालून चाचपायची. बघूनही चाचपायचं, कारण अंधूक प्रकाशात जुन्या काडतुसाचं काळपट पितळ रिकाम्या नळीसारखं दिसतं. काडतुसं वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. कोकणच्या पावसाळ्यात नळीला आतून तेलाचं बोट हवं, नाहीतर गंज धरतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेली, ओल लागून फुगलेली काडतुसं घालून बघायची नाहीत. ती परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात द्यायची.

१ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. पहाटे बाहेर निघताना कपाटात ठेवत असताना ते हातातून पडलं, असं त्यांच्याकडून सांगितलं गेलं. भरलेलं हत्यार घरात हलवायचं नसतं, एवढ्यासाठीच हे सगळं शिकवतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आहे. ते कागदावर न उरकता प्रत्येकाला रेंजवर उभं करावं, आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा.

कावेरीकाठ
नोकरीनिमित्त मडिकेरीत आहे. कोडगूत (कर्नाटकातल्या कूर्गमध्ये) चित्र वेगळं आहे म्हणून लिहितो. कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून शस्त्रपरवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती ग्राह्य धरली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोध सण असतो, त्यात फुलं वाहून बंदुकीची पूजा होते, जशी आपण दसऱ्याला हत्यारांची करतो. शेजारच्या कोडवा आजींच्या घरी बंदूक देवघराजवळच्या भिंतीवर असते, पण तिला हात कुणी लावायचा हे घरातले मोठे ठरवतात आणि नातवंडं ते पाळतात. आपल्याकडे सरसकट सूट द्यावी असं मी म्हणणार नाही. घराण्याची शिस्त पिढ्यांमागून येते, ती सरकारी आदेशाने उभी राहत नाही.

माडाची_सावली
सगळ्यांचे मनापासून आभार. गणपतीला गावी गेलो तेव्हा ऋतुजाताईंनी म्हटल्याप्रमाणे वडिलांशी बोललो. आधी चिडले. ‘बंदूक काढून घेतलीस म्हणजे मला म्हातारा ठरवलंस’ म्हणाले. मग संध्याकाळी स्वतःच म्हणाले की गेल्या वर्षभरात त्यांनी एकदाही बार काढलेला नाही, वानरं आली तर पत्र्याचा डबा वाजवतात. मी बंदूक उघडून घ्यायला सांगितली. कळ दाबायला त्यांना दोन्ही हात लागले. ते त्यांनाही दिसलं.

आडणा बसवला, गोठ्याकडे दिवा लावला. आई आता दिव्याबद्दल बोलते, बंदुकीबद्दल नाही. शेती बघणारा चुलतभाऊ शेजारच्याच घरात राहतो, पण त्याच्या नावावर परवाना होईल का? की आधी आम्हा मुलांचा हक्क? आणि तोवर बंदूक कुठे ठेवायची?

कायद्याची_वही
परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल त्यानंतर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. वारसांत मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण, नातवंडं येतात. पुतण्या त्यात धरू नका. त्याने शेतीसंरक्षणासाठी स्वतःचा नवा अर्ज करावा, सातबारा जोडून. तो मिळाला तर वडील त्याला रीतसर हस्तांतरण करू शकतात. तुमच्यापैकी एकाने घ्यायचं म्हटलं, तर बाकीच्या वारसांचं ना-हरकत शपथपत्र लागेल. पण मुंबईत राहून गावच्या पिकाचं संरक्षण कसं करणार, हा प्रश्न गृह शाखा विचारेल आणि तो योग्यच आहे.

तोवर मुदत संपायच्या आत बंदूक आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे अनामत ठेवा. मुदत संपलेल्या परवान्यावर घरात ठेवली तर विनापरवाना धरली जाते, आणि त्याची किमान शिक्षा २०१९ नंतर दोन वर्षं आहे.

माडाची_सावली
दर निवडणुकीला जमा करतो तेव्हा नुसती पोच मिळते. अनामत ठेवताना वेगळी पावती घ्यायची का?

निवृत्त_फौजदार
घ्यायचीच. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बोर, परवान्याचा युआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक), काडतुसांची संख्या आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या. दस्त्याला तडा असेल तर तोही. मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. नंतर गंजून मिळाली तर हाताशी कागद असतो.

निवडणुकीचंही सांगतो. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केला होता, आणि त्यानंतर छाननी समितीची पद्धत आली. कुणाचं हत्यार जमा करून घ्यायचं हे समितीने माणूस बघून ठरवायचं असतं. शेतकऱ्याचं पीक ऐन निवडणुकीत उभं असेल तर समितीकडे सूट मागता येते. चुलतभावाला परवाना झाला तर त्याला हा अर्ज आचारसंहिता लागताच द्यायला सांगा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवायला सांगा.